ऑटोपायलट मध्येच सुटतो किंवा बोट नागमोडी नेतो: दोष कुठून शोधायला घ्यायचा

तक्रार साधारण अशी असते. सपाट पाण्यात ऑटोपायलट (बोटीचं सुकाणू आपोआप सांभाळणारं यंत्र) तासन्‌तास बिनबोभाट चालतो. वारा वाढला, मागून लाटा यायला लागल्या की बीप वाजतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि यंत्र आपणहून स्टँडबायवर जातं, म्हणजे सुकाणू सोडून देतं. पुन्हा ऑटो दाबलं की चालू, थोड्या वेळाने परत तेच. दुसऱ्या प्रकारात यंत्र सुटत नाही, पण बोट सरळ जायचं नाव घेत नाही, डावी-उजवी झोकांड्या खात राहते. धक्क्याला आल्यावर कोणाला दाखवायला जावं तर सगळं ठणठणीत.

अशा वेळी बहुतेक जण आधी मेनूत शिरून सेटिंग बदलतात. तेवढ्याने भागलं नाही की कॉम्प्युटर गेला असं ठरवून नवा आणतात. माझ्या मते ही उलट्या टोकाकडून केलेली सुरुवात आहे. ऑटोपायलटमध्ये दिशा वाचणारा सेन्सर, हिशेब करणारा कॉम्प्युटर, सुकाणू ओढणारा ड्राइव्ह आणि सुकाणू किती वळलंय ते कळवणारा रडर सेन्सर एवढे भाग असतात. त्यांतला कॉम्प्युटर बहुधा कोरड्या जागी, भिंतीला घट्ट बसवलेला असतो. ओल, खार, कंपन आणि ताण सोसतात ते बाकीचे भाग आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी. दोष सापडतो तोही बहुतेकदा तिथेच. आणि धक्क्याला तो सापडत नाही याचं कारण म्हणजे बांधलेल्या बोटीत ड्राइव्हला ओढायला फारसं काही नसतंच. म्हणून प्रत्येक तपासणी शक्य तितकी भाराखाली करायची.

एक गोष्ट काम सुरू करण्याआधीच. ड्राइव्हजवळ हात घालायचा असेल तर यंत्र नुसतं स्टँडबायवर ठेवून भागत नाही, ब्रेकर पाडायचा. मोठ्या लिनिअर (सरळ रेषेत ढकलणाऱ्या) ड्राइव्हचा जोर शेकडो किलोंचा असतो आणि मधे आलेलं हाताचं बोट त्याला कळत नाही.

यंत्र बंद ठेवून पहिली तपासणी

ज्या वाऱ्यात यंत्र हार मानतं त्याच वाऱ्यात थोडा वेळ बोट हाताने चालवा. टिलर (सुकाणूचा दांडा) किंवा व्हील सतत एका बाजूला जोर लावून धरावं लागत असेल, तर तुमचा दंड जितका भरून येतो तितकीच ड्राइव्हचीही दमछाक होते. बोट वाऱ्याकडे तोंड वळवायला बघत असेल तर मोठं शीड जास्त झालंय. ते थोडं ढिलं सोडा किंवा कमी करा. पुढचं शीड आधी गुंडाळायची अनेकांना सवय असते, पण त्याने वाऱ्याचा जोर आणखी मागे सरकतो आणि सुकाणू जास्तच जड होतं. शिडं नीट बसली की विजेचा खर्चही लक्षात येण्याइतका उतरतो. मोटारबोटीत हाच प्रश्न ट्रिम टॅब (बोटीचा तोल साधणाऱ्या मागच्या पट्ट्या) चुकल्याने किंवा सामान एका बाजूला रचल्याने येतो.

यानंतर सुकाणूची ढिलाई. एकाने व्हील घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने मागे जाऊन सुकाणूचा क्वाड्रंट (सुकाणूच्या वरच्या टोकाचा, केबल जोडलेला पाव चाकासारखा भाग) हाताने हलवून बघायचा. तो हलला, पण व्हीलवर काही जाणवलं नाही, तर तेवढी हालचाल ऑटोपायलटच्या हिशेबाबाहेर राहते. यंत्र सुकाणू वळवतं, काही होत नाही, म्हणून आणखी वळवतं, मग एकदम होतं. ढिले केबल, झिजलेला बॉल जॉइंट, टिलरवरच्या पिनचं मोठं झालेलं भोक, हायड्रॉलिक तेलात शिरलेली हवा, अशी कारणं बरीच आहेत. एक जागा हमखास निसटते, ती म्हणजे ड्राइव्ह ज्या फळीला बोल्टने बसवलाय ती फळी. व्हील जोरात फिरवायला सांगा आणि टॉर्च घेऊन तिच्याकडे पाहत राहा. फळी वाकताना दिसली तर ड्राइव्ह सुकाणू कमी आणि बोटच जास्त ढकलतोय.

भाराखालचं व्होल्टेज

पडदा काळा होऊन यंत्र सुटत असेल तर पहिला संशय इथेच घ्यायचा. १२ व्होल्टवर चालणारे बरेच कॉम्प्युटर पुरवठा १० व्होल्टच्या आसपास घसरला की स्वतःला रीसेट करतात. बॅटरीचा मीटर १२.५ दाखवतो, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण तो मीटर बॅटरीच्या टोकांवरचं सांगतो. कॉम्प्युटरपर्यंत किती पोचतं ते वेगळं, आणि ड्राइव्हची मोटर सुरू होण्याच्या क्षणी किती पोचतं ते आणखी वेगळं.

हिशेब करून पाहा. वाटेत एका गंजलेल्या सांध्याचा रोध जेमतेम ०.१ ओहम आहे असं धरू. नुसता पडदा चालू असताना अर्धा अँपियर जातो, तेव्हा घट ०.०५ व्होल्ट, म्हणजे नगण्य. लाटेत ड्राइव्हने जोर लावला आणि १० अँपियर ओढले की त्याच सांध्यावर १ व्होल्ट गेला, शिवाय १० वॅटची उष्णता. त्यातच फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला तर खेळ संपला. आणि हा ०.१ ओहम साध्या मल्टीमीटरच्या ओहम पट्टीवर दिसत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. बझर मोडवर तर सांधा खुशाल वाजतो. ‘वायरिंग तपासलं, सगळं वाजतंय’ असं कोणी सांगितलं तर ती तपासणी झालीच नाही असं धरावं.

खरी चाचणी अशी. बोट बांधलेली ठेवून ऑटो लावा आणि साथीदाराला १० अंश डावी, १० अंश उजवी असं दाबत राहायला सांगा, म्हणजे मोटर फिरत राहील. सुकाणू टोकाला जाऊन अडणार नाही एवढं बघा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर, दुसरं कॉम्प्युटरच्या धन टर्मिनलवर. मोटर फिरताना जो आकडा दिसतो तेवढे व्होल्ट त्या बाजूला वाटेत हरवतात. मग हेच ऋण बाजूला. दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण घट. महत्त्वाच्या सर्किटसाठी ३ टक्क्यांची मर्यादा धरतात, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्ट. एक व्होल्टाच्या पुढे गेलात तर दोष सापडल्यातच जमा. मग मीटरची टोकं जवळ आणत जा: फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, ब्रेकरच्या, बसबारच्या (अनेक वायरी जोडायची धातूची पट्टी), प्लगच्या. ज्या एका सांध्यावर आकडा उडी मारतो तो दोषी. बहुतेकदा तो सांधा हाताला कोमटही लागतो.

ऋण बाजू लोक विसरतात. तिथे सगळ्या उपकरणांची एकच बसबार असते, तिच्यावरचा स्क्रू कधी आवळलेला नसतो, आणि अर्धे दोष तिथेच निघतात असा माझा ग्रह झालाय. सांधे स्वच्छ निघाले आणि घट तरीही जास्त असेल तर वायर बारीक आहे. लांबी मोजताना जाण्याची आणि येण्याची दोन्ही धरायची. वायर बदलायचीच असेल तर कथिलाचा मुलामा असलेली घ्या, कारण साधं तांबं खाऱ्या हवेत आवरणाच्या आतपर्यंत काळं पडत जातं.

टिलर पायलटचा (थेट टिलरला लावायच्या छोट्या ऑटोपायलटचा) दोष बहुधा त्याच्या डेकवरच्या सॉकेटमध्ये असतो. पाणी आत गेलं की पिनांवर हिरवा थर चढतो. पिना साफ करा, सुकवा, वर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि वापरात नसताना टोपण लावा.

व्होल्टेज ठीक असूनही यंत्र सुकाणू सोडत असेल, तर पडदा काळा होतो की नाही ते नीट पाहा. पडदा चालूच राहतो, मोटरचा आवाजही येतो, पण सुकाणू हलत नाही, हे क्लच घसरण्याचं लक्षण. मोटर कधी फिरते कधी नाही आणि हलकेच ठोकलं की सुरू होते, तर कार्बन ब्रश झिजलेत. दोन्ही दुरुस्त होतात, अख्खा ड्राइव्ह बदलायची गरज नसते.

ठरावीक दिशेलाच बिघडतो का?

उत्तर हो असेल तर वायरी सोडा आणि होकायंत्राकडे या. जाताना नीट आणि परतताना वेडावाकडा, ही त्याची खूण.

फ्लक्सगेट हा जुन्या धाटणीचा होकायंत्र-सेन्सर असो की नवा सॉलिड-स्टेट सेन्सर, दोघेही पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच वाचतात, आणि ते क्षेत्र इतकं क्षीण असतं की शेजारचा स्पीकर त्याला सहज फसवतो. दोष दोन प्रकारचा असतो. सेन्सर सगळ्याच दिशांना ५ अंश जास्त दाखवत असेल तर आकडा चुकीचा, पण चाल सरळ राहते, कारण यंत्राला फक्त फरक हवा असतो. त्रास देतं ते दिशेगणिक बदलणारं विचलन. अशा वेळी एका दिशेला बोट ५ अंश वळली तरी सेन्सर ८ सांगतो, दुसरीकडे तेवढ्याच वळणाला ३ सांगतो. मग यंत्र एकीकडे नको तितकं उतावीळ आणि दुसरीकडे नको तितकं ढिम्म होतं, आणि आपण सेटिंग बदलत बसतो.

हे तपासायला धक्क्याला बांधलेली बोट उत्तम. स्टँडबायवर दिशेचा आकडा बघत बोटीतली एकेक वस्तू चालू करा: दिवे, रेडिओ, फ्रिज, पंप, इंजिन. आकडा दोन-तीन अंशांनी जरी हलला तरी ती वस्तू किंवा तिची वायर सेन्सरच्या फार जवळ आहे. धन आणि ऋण वायर एकमेकींना पीळ देऊन नेल्या तर त्यांचं क्षेत्र बरंच एकमेकांना खोडतं. मग न चालणाऱ्या वस्तू बघा. सेन्सरमागच्या कपाटात कोणी पत्र्याचे डबे, पाने-पक्कड, सुटा नांगर, चुंबकी झाकणाचा मोबाइल ठेवलाय का? सफरीआधी सामान नव्याने रचलं आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला, असं असेल तर आणखी शोधायला नको.

जागा मोकळी केली की सेन्सरचं कॅलिब्रेशन पुन्हा करायचं. शांत पाणी, मोकळी जागा, मंद वेग, आणि एक फेरा दोन मिनिटांपेक्षा कमी वेळात होणार नाही असं संथ वळण. पद्धत प्रत्येक यंत्राची थोडी वेगळी असते, ती पुस्तिकेत पाहा. शेवटी यंत्र विचलनाचा आकडा सांगतं. तो १५ अंशांच्या पुढे असेल तर तो स्वीकारू नका, सेन्सरची जागा बदला.

पृथ्वीच्या उत्तर भागात, वरच्या अक्षांशांवर, उत्तरेकडे तोंड असताना यंत्र जास्तच चंचल होतं, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे. तिथे क्षेत्राच्या रेषा जमिनीत तिरप्या शिरतात, त्यामुळे सेन्सर कलला की चूक वाढते. हा बिघाड नव्हे. बऱ्याच यंत्रांत अक्षांश सांगायची सोय असते, ती चालू आहे ना तेवढं बघा.

आता सेटिंग

इथपर्यंतचं सगळं ठीक असेल तरच मेनू उघडा.

१९२२ साली निकोलस मिनॉर्स्की या अभियंत्यांनी जहाजं आपोआप हाकण्याचं गणित मांडलं आणि अमेरिकेच्या ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर ते वापरून पाहिलं गेलं. त्यांचं निरीक्षण असं होतं की मुरलेला सुकाण्या नुसती आत्ताची चूक बघून सुकाणू फिरवत नाही. बोट किती वेगाने फिरतेय ते तो बघतो, आणि बराच वेळ एका बाजूला ओढ राहिली तर तीही हिशेबात धरतो. आजच्या मेनूतली तीन नावं हीच आहेत. रडर गेन म्हणजे चुकीच्या मानाने किती सुकाणू द्यायचं. काउंटर रडर म्हणजे बोट वळत असतानाच उलटा हात किती द्यायचा. आणि ऑटो ट्रिम म्हणजे सततच्या ओढीसाठी सुकाणू हळूहळू किती सरकवून ठेवायचं.

नागमोडी चालीत गेन बहुधा जास्त असतो. नवशिका सायकलस्वार हँडल जरुरीपेक्षा जास्त वळवून डावीकडे-उजवीकडे जातो, तसं ते होतं. गेन फार कमी असेल तर झोकांड्या लांब आणि आळशी असतात, बोट भरकटत जाते आणि उशिरा परत येते. या दोन चाली डोळ्यांनी ओळखता आल्या की निम्मं काम झालं. तपासायला शांत पाण्यात नेहमीच्या वेगाने इंजिनवर चला आणि एकदम ४० अंशांचं वळण द्या. वळण तडफदार हवं आणि नव्या दिशेच्या पलीकडे बोट साधारण ५ अंशांहून जास्त जाता कामा नये. पलीकडे जाऊन परत येत असेल तर गेन कमी करा किंवा काउंटर रडर वाढवा. एका वेळी एकच आकडा बदला, आणि जुना आकडा लिहून ठेवल्याशिवाय बदलू नका.

एक लपलेलं कारण सांगतो. वेग दुप्पट झाला की सुकाणूचा जोर चौपट होतो, म्हणून बरीच यंत्रं वेग वाढला की गेन आपोआप उतरवतात. त्यांना वेग कळतो तो बोटीच्या तळाच्या पंख्यावरून. त्या पंख्यात शेवाळ किंवा कालवं अडकून तो फिरायचा थांबला की यंत्राला वाटतं बोट जवळजवळ थांबलेली आहे, आणि ते भलंमोठं सुकाणू देतं. बोट बरेच दिवस उभी होती आणि पहिल्याच फेरीत नागमोडी चालायला लागली, तर आधी वेगाच्या आकड्याकडे बघा. वेग जीपीएसवरून घेण्याचा पर्याय असला तर तो निवडा.

मागून लाटा येत असताना थोडी नागमोड राहणारच. ती शून्यावर आणायच्या हट्टाने प्रतिसाद वाढवला तर बॅटरी संपते आणि ड्राइव्ह तापतो, हाती काही लागत नाही.

किरकोळ पण चकवणारं

सुकाणू अचानक एका टोकाला फेकलं गेलं तर रडर सेन्सर तपासा. त्याचा दुवा निसटलेला असतो किंवा आतल्या पट्टीवर एखादी जागा झिजून मेलेली असते. व्हील हळू फिरवत पडद्यावरचा कोन बघा. कुठे उडी मारतो का? लांब पल्ल्याचा एसएसबी रेडिओ बोलायला घेतला की बोट भरकटते, असं असेल तर रेडिओची लहर वायरींत शिरते. वायरींवर फेराइट (अशी लहर अडवणारी कडी) बसवा, आणि तोवर बोलताना सुकाणू हातात ठेवा.

‘सेन्सर सापडत नाही’ असा संदेश येऊन यंत्र सुटत असेल तर नेटवर्क बघा. एनएमईए २००० (बोटीतली उपकरणं एकमेकांना जोडण्याचं मानक) मध्ये मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर असतो. वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या तारेत मोजलं की ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टर्मिनेटर गायब किंवा सांधा सुटलेला.

सुटला तर बोट कोणाच्या हातात?

दोष सापडेपर्यंत ऑटोपायलट वापरू नका असं मी म्हणणार नाही, लांबच्या प्रवासात ते शक्यच नसतं. पण तो कोणत्याही क्षणी सुटेल असं धरून चालवा. वाहतुकीच्या गर्दीत, खडकाजवळ, अरुंद खाडीत आणि धुक्यात हाताने चालवा. मोठ्या जहाजांनाही सोलास या सागरी सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या पाचव्या प्रकरणाच्या २४व्या नियमाने हेच बंधन आहे: धोक्याच्या जागी हाताचं सुकाणू तत्काळ घेता आलं पाहिजे, आणि आपोआपचं सुकाणू बराच वेळ वापरल्यावर हाताचं तपासून घेतलं पाहिजे. १९७२च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांतला पाचवा नियम नजर ठेवण्याचा आहे, आणि सुकाणू यंत्राच्या हाती आहे म्हणून त्यात सवलत नाही.

१८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅनियन’ हा सुमारे १ लाख २० हजार टन कच्चं तेल भरलेला टँकर इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सेव्हन स्टोन्स खडकांवर चढला. चुकीचे निर्णय आधी बरेच झाले होते. पण अगदी शेवटी वळायला गेले तेव्हा चाक फिरवूनही जहाज वळेना, कारण सुकाणूचा सिलेक्टर लिव्हर हाताच्या सुकाणूवर नव्हताच. तो सापडेपर्यंतची वेळ परवडणारी नव्हती. छोट्या बोटीत लिव्हरच्या जागी स्टँडबायचं बटण असतं. ते अंधारात, न बघता, बोटीतल्या प्रत्येकाला दाबता आलं पाहिजे. टिलर पायलट असेल तर तो पिनवरून एका हाताने उचलायची सवय करून घ्या.

वाऱ्याचा मोड, म्हणजे वाऱ्याशी ठरावीक कोन राखत जाणं, मागून वारा असताना मी टाळतो. लाटेवरून घसरताना बोटीचा वेग वाढतो, जाणवणारा वारा पुढे सरकतो, यंत्र त्याच्यामागे वळतं, लाट पुढे निघून जाते आणि शीड आपसूक दुसऱ्या बाजूला आदळतं. ट्रॅक मोडमध्ये (ठरवलेल्या वाटेवरून जाताना) वेपॉइंट, म्हणजे वाटेवरचा ठरवलेला बिंदू, बोयावर (पाण्यातल्या तरंगत्या खुणेवर) ठेवू नका. जीपीएस आता इतकं अचूक असतं की बोट खरोखरच बोयावर जाऊन धडकते. आणि ६ नॉटने चाललेली बोट मिनिटाला १८५ मीटर जाते. एकट्याने चालवताना पाण्यात पडलात तर ऑटोपायलट तिला व्यवस्थित सरळ तुमच्यापासून लांब नेतो, म्हणून तो लावून कॉकपिट सोडायचं तर कमरेला दोर हवाच. कोणी साथीला असेल आणि माणूस पडला, तर यंत्र स्टँडबायवर घेणं हे पहिल्या काही सेकंदांतलं काम आहे.

एवढं सगळं करूनही दोष राहिला तर यंत्र दुरुस्तीला पाठवताना ‘मध्येच बंद पडतं’ एवढंच लिहू नका. पडदा काळा होतो की चालू राहतो, संदेशाचे नेमके शब्द, तेव्हाची दिशा, मोटर फिरताना कॉम्प्युटरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज, त्या वेळी आणखी काय चालू होतं, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती, एवढं कागदावर द्या. नुसता डबा पाठवलात तर तो टेबलावर चांगल्या पुरवठ्यावर चालेल आणि ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लागून परत येईल.